दूध आटत नाही, आटवले जाते!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका वस्तीतली बावीस वर्षांची आमची एक लेक दिवस भरण्याआधीच बाळंत झाली. एकतिसावा आठवडा चालू होता. मुलगी झाली. वजन तेराशे ग्रॅम. चार घरची धुणीभांडी करणारी ही पोर आदल्या दिवसापर्यंत कामावर जात होती. नवरा कचऱ्याच्या गाडीवर, तोही कंत्राटी. बाळाला लगेच काचेच्या पेटीत ठेवले. तिसऱ्या दिवशी आईला घरी जायला सांगितले. बाईला सुट्टी मिळाली, बाळाला मिळाली नाही. रुग्णालय सरकारी, मोठे. त्याचे नाव आम्ही येथे लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका रुग्णालयाचा नाही.

तिसऱ्या दिवसापासून ती जिन्याखाली बसून असायची. आत सोडत सकाळ-संध्याकाळ, तेही काचेतून पाहण्यापुरते. चौथ्या दिवशी आतून निरोप आला, "आईचं दूध आणा." कसे काढायचे, किती वेळा काढायचे, कशात आणायचे, हे कोणी सांगितले नाही. शौचालयाशेजारच्या कोपऱ्यात पदराआड उभे राहून तिने वाटीचा तळ ओला होईल एवढे दूध काढले आणि आत दिले. उत्तर मिळाले, "एवढंच? एवढ्यानं काय होणार?" त्या दोन वाक्यांनी तिचा धीर खचला. सहाव्या दिवशी हातात चिठ्ठी आली, पावडरचा डबा आणा. डब्याची किंमत नवऱ्याच्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त. घरी सासू म्हणाली, "हिच्या अंगालाच दूध नाही." शेजारीण म्हणाली, "कच्चं बाळंतपण, दूध येणार कुठून?" आणि आठव्या दिवशी ती स्वतःच म्हणू लागली, "माझं दूध आटलं."

आमच्या विहारातल्या महिला मंडळात एक निवृत्त परिचारिका आहेत. सारी वस्ती त्यांना 'सिस्टर मावशी' म्हणते. त्यांनी तिचे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आटलं नाही गं बाय. तुला कुणी काढायला शिकवलं नाही." आमचा आजचा सगळा लेख या एका वाक्यावर उभा आहे.

घाईत आलेली लेकरे

गरोदरपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली, आणि त्यांतली ३० लाखांहून अधिक एकट्या भारतात. म्हणजे जगातल्या दर पाच अपुऱ्या बाळांमागे एक आपल्या देशातले. ती कोणाच्या घरात जन्मतात? रक्त कमी असलेल्या, लहान वयात लग्न झालेल्या, एका बाळंतपणातून सावरण्याआधी दुसऱ्यात अडकलेल्या, वेळेवर तपासणी न झालेल्या, शेवटच्या दिवसापर्यंत ओझे उचलणाऱ्या बायकांत ही जोखीम जास्त असते. श्रीमंताघरीही अपुऱ्या दिवसांची बाळे होतात, नाही असे नाही. पण पुढे जगण्या-मरण्याचा हिशेब वेगळा होतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण अनुसूचित जातींत ४५ होते, तर अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग सोडून उरलेल्या 'इतर' गटात ३२. हा तेराचा फरक कोणत्याही सटवाईने कपाळावर लिहिलेला नाही. तो व्यवस्थेने लिहिलेला आहे.

अशा बाळाला आईचे दूध म्हणजे केवळ पोट भरण्याची वस्तू नाही. त्याची आतडी कच्ची असतात. वरचे दूध त्या आतड्यांना सोसेलच असे नाही. आतड्याचा भाग सुजून सडत जाण्याचा एक भयंकर आजार या बाळांना होतो. आईच्या दुधावर असलेल्या बाळांत तो कमी होतो, हे वैद्यकशास्त्राने पुन:पुन्हा तपासून पाहिले आहे. आणखी एक गोष्ट आमच्या आयाबहिणींनी लक्षात ठेवावी. दिवस भरण्याआधी बाळंत झालेल्या बाईचे सुरुवातीचे दूध कमी प्रतीचे नसते. त्यात प्रथिने जास्त असतात आणि रोगाशी लढणारे घटकही भरपूर असतात. बाळ लवकर आले म्हणून आईचे दूध 'कच्चे' राहत नाही; ते त्या घाईत आलेल्या बाळासाठीच तयार झालेले असते.

मग अडते कुठे? अडते ते बाळाच्या तोंडापाशी. दूध ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही गोष्टी एका लयीत करण्याची ताकद साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास येऊ लागते. म्हणून अगदी लहान बाळाला आधी शिरेतून द्रव, २८ ते ३१ आठवड्यांच्या बाळाला नळीने दूध, ३२ ते ३४ च्या बाळाला वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, आणि त्यानंतर छातीला, असा साधारण क्रम असतो. बाळ मागे-पुढे होते, डॉक्टर बाळ पाहून ठरवतात. याचा अर्थ एवढाच की कित्येक आठवडे या आईला बाळाच्या तोंडाची मदत मिळत नाही. तिला आपल्या हातांनी, दिवस-रात्र, बाळाचे काम करावे लागते. हे काम आहे, आणि ते शिकावे लागते. आपोआप येत नाही.

वासरू लांब बांधले तर?

खेड्यात वाढलेल्या कोणालाही विचारा. वासरू जवळ आले, त्याने अंग घासले, की गाय पान्हावते. वासरू लांब बांधले तर ती दूध चोरते. माणसाच्या बाईचेही शरीर असेच चालते. बाळाचा स्पर्श, त्याचा वास, त्याचे रडणे यांनी पान्हा फुटतो. भीती, दुखणे, अपमान यांनी तो थांबतो. आणि छातीतले दूध जितक्या वेळा रिकामे होते तितके नवे तयार होते. तुंबून राहिले तर शरीर समजते, घेणारे कोणी नाही, आणि बनवणेच कमी करते. सगळे शास्त्र एवढेच आहे.

आता पाहा, आपण काय करतो. गोमातेच्या नावाने गळा काढणाऱ्या या देशात गाईजवळ वासरू सोडायचे असते हे सर्वांना कळते, पण बाईजवळ तिचे बाळ ठेवायचे असते हे कळत नाही. बाळ काचेत, आई जिन्याखाली. मध्ये दार, आणि दारावर रखवालदार. पहिल्या काही तासांतच दूध काढायला सुरुवात व्हायला हवी, तेथे चार दिवस कोणी बोलत नाही. चोवीस तासांत किमान आठ वेळा, त्यातले एकदा तरी रात्री, दूध काढायला हवे, तेथे बाईला बसायला स्टूल नाही. पहिले दोन आठवडे दूध बसण्याचे दिवस, तेच निघून जातात. मग सांगतात, "तुमचं दूध आटलं." आम्ही म्हणतो, आटले नाही. आटवले गेले!

ज्यांना हे उपयोगी पडेल त्यांच्यासाठी सिस्टर मावशींनी जे शिकवले ते येथे लिहितो. हात साबणाने स्वच्छ धुवावेत. स्टीलची रुंद वाटी उकळून घ्यावी. छातीवर कोमट पाण्याचे फडके ठेवून हलक्या हाताने चोळावे. बोंडाच्या काळ्या भागाच्या कडेला वर अंगठा, खाली दोन बोटे ठेवून आधी छातीकडे मागे दाबावे, मग बोटे एकमेकांजवळ आणावीत, सोडावे, पुन्हा दाबावे. बोंड ओढू नये, पिळू नये. बोटांची जागा फिरवत राहावे. दर दोन-तीन तासांनी दोन्ही बाजू. पहिल्या दिवशी थेंब निघतील. तो चीक आहे, त्याचा एकही थेंब टाकून द्यायचा नाही. बाळ नळीवर असले तरी आतल्या परिचारिकेला विचारून तो बाळाच्या पोटात जाईल असे पाहावे. काढलेले दूध झाकून, नाव आणि वेळ लिहून ठेवावे. बाहेर साधारण चार तास, फ्रिजमध्ये एक दिवस चालते. रुग्णालयाने वेगळे सांगितले तर त्याप्रमाणे करावे. आणि कोणी "एवढंच?" म्हटले तर सांगावे, एवढ्याशा पोटाला एवढेच लागते. जन्मल्यावर अशा बाळाच्या एका वेळच्या दुधाचे माप चमच्यांत मोजायचे असते, पेल्यात नाही.

बोगोटाची छाती, शीवची पेढी

येथे कोणी म्हणेल, गरीब देशात दुसरे काय होणार? मोठी यंत्रे नाहीत, खाटा नाहीत. त्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाकडे पाहावे. तेथल्या बोगोटा शहरातल्या गरिबांच्या प्रसूती रुग्णालयात १९७८ साली पेट्या अपुऱ्या होत्या, एका पेटीत एकाहून जास्त बाळे ठेवावी लागत, जंतुसंसर्गाने ती दगावत. डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीशी, दोन स्तनांच्या मध्ये, कापडाने बांधून ठेवायला सुरुवात केली. आईचे अंग हीच पेटी झाली. ऊब मिळाली, पान्हा फुटला, बाळे आईजवळ राहिली. कांगारू आपले पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवते, म्हणून या रीतीला कांगारू मातृसेवा हे नाव पडले. गरिबांच्या गरजेतून निघालेले हे शास्त्र आज सगळे जग शिकते आहे.

पुढे भारत, घाना, मालावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत मोठा अभ्यास झाला; भारतातून दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. एक किलो ते अठराशे ग्रॅमच्या आतल्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवले आणि आईला बाळाच्याच विभागात खाट दिली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या २८ दिवसांत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण जुन्या पद्धतीत १५.७ टक्के होते, ते १२ टक्क्यांवर आले. चारातला एक मृत्यू टळला. कशाने? आईला आत येऊ दिल्याने! २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर सुरुवात करा आणि दिवसाचे आठ ते चोवीस तास बाळाला छातीशी ठेवा. ज्या दाराशी आमची लेक सकाळ-संध्याकाळ ताटकळत होती, ते दार उघडणे हाच उपचार आहे, असे आता जगाचे शास्त्र म्हणते.

आणि आपल्या मुंबईत? धारावीला लागून असलेल्या शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातली ती पहिली मानली जाते. जिच्याजवळ आपल्या बाळाला पुरून उरेल इतके दूध आहे ती माता ते देते. तिची रक्ततपासणी होते. दूध एकत्र करून ६२.५ अंश तापमानाला अर्धा तास तापवतात, तपासतात, गोठवून ठेवतात, आणि ज्या बाळाच्या आईला दूध येत नाही किंवा जिची आई या जगात नाही अशा नाजूक बाळाला देतात. आईचे स्वतःचे दूध पहिले, ते नसेल तर पेढीतले, हा क्रम आता जगभर मान्य आहे.

दुधाला जात नसते

या पेढीची एक गोष्ट आमच्या वाचकांनी थांबून पाहावी. त्या भांड्यात धारावीच्या चर्मकार बाईचे दूध असते, मुसलमान बाईचे असते, बौद्ध बाईचे असते, ब्राह्मण बाईचेही असते. ते एकत्र होते आणि कोणाचे कोणते ते सांगता येत नाही. ज्या देशात १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी आमच्या ओंजळीत आले म्हणून ते बाटल्याची आरोळी उठली आणि ते 'शुद्ध' करण्याचा विधी केला गेला, त्या देशात बाराशे ग्रॅमचे एक बाळ कोणाचेही दूध पिऊन जगते आणि त्याला विटाळ होत नाही. जातीच्या पुराणांना याहून चोख उत्तर नाही. पण हे उत्तर प्रत्येक जिल्ह्यात हवे. मातृदुग्ध व्यवस्थापन केंद्रांची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१७ साली निघाली. पेढी आणि दूध काढण्याची सन्मानाची खोली ही शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचीच मिरासदारी का असावी? नंदुरबारच्या, गडचिरोलीच्या, बीडच्या बाईच्या बाळाने कोणता गुन्हा केला आहे?

बाबासाहेबांनी भार कोणावर टाकला?

हा विषय चळवळीचा कसा, असे कोणी विचारील. त्यांनी १९२८ साल आठवावे. मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचे विधेयक चर्चेला होते, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, ज्याला तिच्या श्रमाचा फायदा मिळतो त्या मालकानेही उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी खाणीत राबणाऱ्या बायकांच्या प्रसूतिलाभाचा कायदाही सुधारला. बाळंतपण ही बाईची खासगी अडचण नाही, ती समाजाची जबाबदारी आहे, हा विचार या देशाच्या कायद्यात रुजवणाऱ्यांत बाबासाहेब पहिल्या फळीत होते.

ज्यांनी हे सांगितले त्यांच्या घरात काय घडले होते? माता रमाईंना पाच लेकरे झाली. त्यातले एकटे यशवंत जगले. रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न, चार लेकरांना त्यांनी निरोप दिला. राजरत्न गेला ते साल १९२६. त्यानंतर दोनच वर्षांनी बाबासाहेब विधिमंडळात आईच्या विश्रांतीसाठी बोलत होते. आम्ही याहून अधिक काही लिहीत नाही. वाचकांनीच विचार करावा.

आज कायदा कोठे आहे? १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आला. २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास कामगार असतील तेथे पाळणाघराची सक्ती आली. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोनदा सवड देण्याची तरतूद आधीपासूनच होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणामुळे बाई आजारी पडली तर आणखी एक महिन्याची पगारी रजाही कायद्यात आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी आल्या. कागदावर सगळे आहे. पण पोळ्या लाटणारी, भांडी घासणारी, कचरा वेचणारी, नाक्यावर उभी राहणारी, ऊस तोडणारी बाई या रजेत कोठे बसते? तिचा मालक कोण, हेच ठरलेले नाही! आणि जी बसते तिचेही पाहा. बाळ सहा आठवडे पेटीत असेल तर रजेतले सहा आठवडे रुग्णालयाच्या बाकड्यावरच संपतात. ब्रिटनने ६ एप्रिल २०२५ पासून अशा आईबापांना, बाळ जितके आठवडे रुग्णालयात तितके, जास्तीत जास्त बारा आठवडे वेगळी रजा दिली. बापालाही दिली. आपल्याकडे आईला एक महिना मिळतो, तोही ती स्वतः आजारी पडली तर. बाळ आजारी आहे हे कारण कायद्याला पुरत नाही.

सरकारी रुग्णालयाचेही तेच. १ जून २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, औषधे, तपासण्या, गाडी, सगळे मोफत आहे. आजारी बाळाचा उपचारही मोफत आहे. हा हक्क आहे, मेहरबानी नाही, हे आधी सर्वांनी समजून घ्यावे. पण त्याच कार्यक्रमाच्या मूळ तरतुदीत आईचे मोफत जेवण साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि शस्त्रक्रियेला सात दिवस. बाळ महिनाभर आत आणि आईचे ताट तिसऱ्या दिवशी बंद! मग ती वडापाव खाऊन जिन्याखाली बसते आणि तिच्याकडून दुधाची अपेक्षा करतात. ज्या बाईला आपण जेवू घालत नाही, तिला दूध नाही म्हणून बोल लावण्याचा अधिकार कोणाला आहे?

डब्याचेही एक बोलले पाहिजे. १९९२ साली शिशुदुग्ध पर्यायांविषयीचा कायदा झाला, २००३ मध्ये तो कडक झाला. डब्याच्या दुधाची जाहिरात करायची नाही, रुग्णालयात फुकट नमुने वाटायचे नाहीत, डॉक्टरांना भेटी द्यायच्या नाहीत, असे तो सांगतो. काही बाळांना डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडरचे दूध द्यावेच लागते. ज्या आईवर ती वेळ येते तिला आम्ही दोष देणार नाही. पण चार दिवस काहीच न शिकवता पाचव्या-सहाव्या दिवशी चिठ्ठी हातात ठेवणे हा उपचार नव्हे. तो आळस आहे, आणि त्या आळसाची किंमत गरिबाच्या खिशातून जाते.

आपल्या घरातला दोष

सरकारला बोल लावून आम्ही मोकळे होणार नाही. आपल्या घरातही पाहू. "सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्या महिन्यातलं जगत नाही," हे आजही आमच्या वस्त्यांत बोलले जाते. हे साफ खोटे आहे. पोटात एक-एक आठवडा जास्त राहिलेल्या बाळाची ताकद वाढतच जाते. पण या एका समजुतीपायी आठव्या महिन्यातल्या बाळाच्या आईला घरचे आधीच रडायला बसवतात. चीक 'घाण' म्हणून टाकून देतात. इवल्या बाळाला मध चाटवतात, गुटी देतात, आणि त्यातून जंतू पोटात जातात. ओल्या बाळंतिणीला पाणी कमी, भाजी बंद, डाळ बंद. पाचवीला सटवाईची पूजा मात्र चुकत नाही! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या भिंतीवर लावण्यासाठी नव्हत्या. ज्या घरात त्या म्हटल्या जातात त्या घरात बाळाचे नशीब सटवाई लिहीत असेल, तर ती प्रतिज्ञा कोणी मोडली?

आणि बाप? दूध आईचे, म्हणून बापाचे काम नाही, असे कोणी समजू नये. कांगारूसारखे छातीशी धरायला बापाची छातीही चालते, आजीचीही चालते. बापाने दोन तास बाळ धरले तर आई दोन तास झोपते, आणि झोपलेल्या, जेवलेल्या आईला पान्हा फुटतो. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायकोच्या जागी काही दिवस तो बादली उचलेल तर त्याची मर्दानगी कमी होणार नाही.

काय केले पाहिजे

आमच्या मागण्या साध्या आहेत. नवजात शिशूंच्या प्रत्येक विभागात आईला दिवस-रात्र प्रवेश आणि बाळाजवळ खाट. दूध काढण्यासाठी आडोशाची स्वच्छ खोली, आणि शिकवायला एक तरी प्रशिक्षित बाई. बाळ आत असेपर्यंत आईला दोन वेळचे जेवण आणि राहण्याची सोय. असंघटित कामगार स्त्रीला त्या काळातली बुडालेली मजुरी. प्रत्येक जिल्ह्यात दुग्धपेढी.

आणि मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे नाही. प्रत्येक विहारातल्या महिला मंडळाने वस्तीतल्या दोन बायांना हे शिकून घ्यायला सांगावे. आशाताईंना बोलवावे. ज्या घरचे बाळ पेटीत आहे त्या घरी पाळीपाळीने डबा पोहोचवावा. कंत्राटी सफाई कामगार भगिनींनी पगाराच्या पावतीवर राज्य विम्याची वर्गणी कापली जाते का ते पाहावे. ती कापली जात असेल आणि ठरलेले दिवस भरले असतील तर बाळंतपणाचे २६ आठवडे आणि अपुऱ्या बाळंतपणाच्या आजारात आणखी एक महिना हा तुमचा हक्क आहे. कापली जात नसेल तर कंत्राटदाराला जाब विचारावा, आणि एकटीने नव्हे, संघटनेने विचारावा.

आमच्या त्या लेकीचे पुढे काय झाले? नवव्या दिवशी सिस्टर मावशी आणि मंडळाच्या चार बाया तिच्याबरोबर गेल्या. भांडायला गेल्या नव्हत्या. विभागाच्या मुख्य डॉक्टरांना भेटल्या. त्या बाई चांगल्या निघाल्या. म्हणाल्या, "आईनं आत यावं असाच नियम आहे. दारावर कोणी अडवत असेल तर माझं नाव सांगा." नियम होता, तो आमच्या लेकीपर्यंत पोहोचला नव्हता, एवढेच! दहाव्या दिवशी बाळ पहिल्यांदा तिच्या छातीशी ठेवले. ती रडली, आणि त्याच संध्याकाळी वाटीत चमचाभर दूध जास्त आले. पुढे रोज थोडे थोडे वाढले. चौथ्या आठवड्यात पोरीने स्वतः ओढायला सुरुवात केली. सदतिसाव्या दिवशी, साडेअठराशे ग्रॅमची होऊन, ती घरी आली.

शेजारच्या पेटीत एक मुलगा होता. त्याची आई मराठवाड्यातून आलेली, बांधकामावर राबणारी. मुकादमाने सांगितले, उद्यापासून नाही आलीस तर जागा गेली. ती दहाव्या दिवसानंतर येऊ शकली नाही. मुलगा डब्याच्या दुधावर राहिला. सोळाव्या दिवशी गेला. डब्यानेच गेला असे आम्ही म्हणणार नाही. अशी बाळे जाण्याची कारणे अनेक असतात. पण एका आईला लढायला मिळाले आणि दुसरीला मिळाले नाही, एवढे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले. त्या दुसरीच्या अंगालाही दूध होते. कामावर उभ्या उभ्या तिची चोळी भिजत होती, असे तिच्याबरोबर राबणाऱ्या बाईने आम्हाला सांगितले.

ते दूध सिमेंटच्या धुळीत गेले. त्याचा हिशेब मागण्याचे काम आता आपले आहे.

जय भीम!